वडिलांच्या जुन्या स्वेटरची लोकर उसवून नातवंडासाठी ब्लँकेट विणावे का?

यवतेश्वरपायथा · ४ नोव्हेंबर

नमस्कार. मी साताऱ्यात राहते. लेक सांगलीला दिली आहे. पहिल्या बाळंतपणासाठी ती पुढच्या महिन्यात माहेरी येईल आणि डॉक्टरांनी जानेवारीचा तिसरा आठवडा सांगितला आहे. बाळासाठी स्वतःच्या हाताने ब्लँकेट विणावे असे फार मनात आहे. नवी लोकर आणणे अवघड नाही. पण माझ्याजवळ एक जुना स्वेटर आहे आणि त्याच्याविषयी मला जाणकारांना विचारायचे आहे.

हा स्वेटर माझ्या आईने १९८६ च्या थंडीत माझ्या वडिलांसाठी विणला. वडील एसटीत वाहक होते आणि मेढा-केळघरमार्गे महाबळेश्वरला जाणाऱ्या पहाटेच्या गाडीवर त्यांची ड्यूटी असे. खणआळीतून आणलेली फिकट राखाडी लोकर, दोन सुलट दोन उलट अशी बॉर्डर आणि वर साधी वीण, असा तो आहे. वडिलांनी तो वीस वर्षे अंगात घातला. कोपरांपाशी तो विरला आहे, गळपट्टी सैल पडली आहे आणि डाव्या खांद्यावर, जिथे तिकिटांच्या पेटीचा पट्टा घासत असे, तिथली लोकर चपटी झाली आहे. बाकी अंग शाबूत आहे. आई जाऊन बरीच वर्षे झाली, वडील गेल्या वर्षी गेले. तेव्हापासून स्वेटर पत्र्याच्या ट्रंकेत, डांबरगोळ्या घालून ठेवलेला आहे. किचनच्या काट्यावर त्याचे वजन ४५८ ग्रॅम भरले.

इतकी जुनी लोकर पुन्हा विणण्याजोगी राहते का, ती तान्ह्या बाळाच्या अंगाला चालेल का, आणि मुळात असा स्वेटर उसवावा का, हे तिन्ही प्रश्न मला पडले आहेत. मी लेकीच्या लहानपणी दोन-तीन स्वेटर विणले होते. त्यानंतर पंचवीस वर्षांत सुया हातात घेतलेल्या नाहीत.

सुलटउलट · ४ नोव्हेंबर

ताई, मी सांगलीची, आणि गेली बरीच वर्षे घरी विणकाम शिकवते. उसवण्याआधी दोन गोष्टी तपासून घ्या.

पहिली गोष्ट म्हणजे ही खरी लोकर आहे की अॅक्रिलिक आहे हे ठरवायचे. त्या काळी कॅशमिलॉन या नावाने अॅक्रिलिक घरोघर विणले जाई आणि लोक त्यालाही लोकरच म्हणत. शिवणीच्या आतून बोटभर धागा काढा, चिमट्यात धरा आणि स्टीलच्या ताटलीवर निरांजनाच्या ज्योतीला लावा. खरी लोकर केस जळल्यासारखी वास देते, ज्योत दूर नेली की आपणच विझते, आणि मागे राहिलेली राख बोटांत चुरडली जाते. अॅक्रिलिक मात्र वितळत जळते आणि थंड झाल्यावर त्याचा काळा, टणक मणी होतो. हा फरक नावापुरता नाही. पुढची धुण्याची, जोडण्याची आणि वाळवण्याची सगळी पद्धत त्यावर अवलंबून आहे. आजही बाजारात बेबी वूल म्हणून जे मिळते त्यातले बरेचसे अॅक्रिलिकच असते. ते मऊ असते, मशिनमध्ये धुता येते आणि बाळासाठी वाईट नाही, पण ज्योतीजवळ ते लोकरीपेक्षा धोक्याचे आहे एवढे लक्षात असू द्यावे.

दुसरी गोष्ट ताकदीची. हातभर धागा दोन्ही मुठींत धरून सावकाश ताणा. लोकर थोडी लांबते आणि सोडल्यावर मागे येते. जर ती कुठेही, जोर न लावता, मऊ कापसासारखी तुटली तर ती विरली आहे असे समजा आणि स्वेटर आहे तसाच ठेवा. फक्त कोपर आणि खांदा तेवढा कच्चा असेल तर तो भाग बाजूला काढता येतो. धागा जागोजागी तुटका असेल आणि स्वेटरला बारीक छिद्रे दिसत असतील, तर कसर लागलेली आहे. मग हाती लांब धागा न येता तुकडेच येतील.

हाताने विणलेला स्वेटर असल्यामुळे तुम्हाला एक फार मोठी सोय आहे. तयार स्वेटर बऱ्याचदा कापडासारखे कापून शिवलेले असतात, त्यामुळे ते उसवले की प्रत्येक ओळीचा सुटा तुकडा हातात येतो. आईंनी पुढचा भाग, पाठ आणि बाह्या वेगवेगळ्या विणून जोडल्या असतील, म्हणजे प्रत्येक भागाचा एकच अखंड धागा आहे.

वाईचाघाट · ५ नोव्हेंबर

मी विणकाम करत नाही, तरीही लिहितो. माझ्या आजीची अशीच एक वाकळ आम्ही उसवली, तिच्यातल्या साड्यांचे तुकडे चार घरांत वाटले, आणि आज चौघांपैकी एकाकडेही ते तुकडे नाहीत. वस्तू पूर्ण असते तोवर ती कुणाची तरी असते. आपल्या वडिलांचा स्वेटर ट्रंकेत राहू द्यावा आणि बाळासाठी नवी लोकर आणावी, असे मला मनापासून वाटते.

यवतेश्वरपायथा · ५ नोव्हेंबर

आपले म्हणणे मी दोन वेळा वाचले. माझा निर्णय वेगळा झाला, आणि त्याचे कारण आईच आहे. माझ्या लहानपणी आमच्या घरात लोकर कधी टाकली गेली नाही; वडिलांचा स्वेटर आखूड झाला की भावाचा होई, भावाचा आखूड झाला की त्याची टोपी आणि मोजे होत. हा एकच स्वेटर न उसवता राहिला, कारण त्याच्यानंतर आईचे डोळे अधू झाले. तो उसवला नाही तर दहा वर्षांनी कसर तो खाऊन टाकेल. तुकडे चार घरांत जाणार नाहीत याची काळजी मात्र मी घेईन. सगळी लोकर एकाच ब्लँकेटमध्ये जाईल.

ज्योतीची परीक्षा केली. केसांचाच वास आला आणि राख चुरडली गेली. धागाही ताणून पाहिला, तो चांगला आहे.

यवतेश्वरपायथा · ९ नोव्हेंबर

उसवायला तीन दुपारी लागल्या. ते काम कसे झाले हे सविस्तर लिहिते, कारण असा स्वेटर ज्यांच्या घरात आहे त्यांना त्याचा उपयोग होईल.

मी आधी चुकीच्या टोकाने सुरुवात केली. खालच्या बॉर्डरचा धागा ओढला तर तो अडकत होता आणि प्रत्येक टाक्यातून सुईने काढावा लागत होता. मग लक्षात आले की विणलेले कापड जिथे संपवले तिथूनच सरळ सुटते, आणि आईने खालून वर विणले होते. म्हणून आधी बाजूच्या शिवणी सोडवल्या, मग गळपट्टी, मग खांदे, आणि मग प्रत्येक भाग वरून खाली उसवत आणला. शिवणी त्याच लोकरीने घातलेल्या होत्या, त्यामुळे शिवणीचा धागा कोणता आणि विणीचा कोणता हे कळायला उजेडात बसावे लागले. मी गच्चीच्या दारात, दोन्ही बाजूंनी शिवण हलकेच ताणून धरत बसले आणि आडवी शिडी दिसली तिथेच कात्रीचे टोक घातले.

पाठीचा भाग उसवताना, उजव्या काखेपासून वर, लोकरीचा रंग बदलला. अगदी थोडा, राखाडीत निळसर छटा. स्वेटर अंगात असताना ती काखेच्या सावलीत कधीच दिसली नव्हती. आईला लोकर कमी पडली असणार, आणि दुकानात तोच लॉट नंबर मिळाला नसणार. तिने ती वेगळी लोकर सरळ पाठीवर न आणता जिथे हात खाली असला की झाकली जाईल नेमकी तिथे घातली होती. छत्तीस ग्रॅम भरली ती. त्याच काखेत, आतल्या बाजूला, एका ओळीत सुलटऐवजी एक टाका उलट पडला होता. तो टाका सुटताना मी थोडा वेळ हात थांबवला.

कोपर, खांदा आणि मनगटाच्या पट्ट्या वगळून आता सगळी मिळून ३७५ ग्रॅम लोकर हाती आहे. ती शेवयांसारखी कुरळी झाली आहे. अशीच विणायची का?

सुलटउलट · ९ नोव्हेंबर

अशी विणू नका, टाके एकसारखे येणार नाहीत. लोकरीच्या तंतूला जो आकार येतो तो पाण्याने सुटतो आणि वाळताना नवा आकार बसतो. त्याचाच आपण उपयोग करायचा.

खुर्ची उलटी ठेवून तिच्या पायांभोवती, किंवा घरात कुणी असेल तर त्यांच्या दोन हातांवर, लोकर गुंडाळून लड करा. लडीला चार ठिकाणी सुती दोऱ्याने सैल बांधा, आणि दोरा लडीच्या मधून आठच्या आकड्यासारखा फिरवा. तसे न केल्यास धुताना गुंता होतो आणि तो सोडवण्यात सणाचा दिवस जातो. सात-आठ रिठे रात्री भिजत घाला, सकाळी कोळून ते पाणी गाळून घ्या, कोमट पाण्यात मिसळा आणि लड अर्धा तास बुडवून ठेवा. चोळू नका, पिळू नका, आणि कोमट पाण्यातून एकदम थंड पाण्यात टाकू नका. नंतर टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत दांडीवर टांगा, खाली एखादा हलका हँगर अडकवा म्हणजे त्याच्या भाराने कुरळेपणा जाईल. वाळल्यावर गुंडा सैल गुंडाळा. घट्ट गुंडाळला तर लोकर ताणलेली राहते आणि विणून झाल्यावर ब्लँकेट आवळते.

तुकडे जोडताना गाठी मारू नका. खरी लोकर असल्यामुळे तुम्हाला बिनगाठीचा जोड करता येईल. दोन्ही टोकांचा पीळ तीन-चार बोटे उलगडा, प्रत्येकातले अर्धे पदर तोडून टाका, उरलेले एकमेकांवर ठेवा, तळहात ओले करा आणि कापसाची वात वळतो तसे जोराने चोळा. उष्णतेने, ओलाव्याने आणि घर्षणाने तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकतात आणि जोड पक्का होतो. अॅक्रिलिकमध्ये हे होत नाही.

माणदेशी · १० नोव्हेंबर

मी म्हसवडचा. आमच्या भागात लोकर म्हटले की दख्खनी मेंढीची, वर्षातून दोनदा कातरलेली, आणि तिची घोंगडी. माझे आजोबा सणगर, म्हणजे घोंगडी विणणारे, होते. सूत उभे लावण्याआधी त्याला चिंचोक्याची खळ देण्याचे काम आम्ही मुलांनी केलेले आहे. म्हणून मलाही वाटले की ताईंना सुचवावे, ब्लँकेटला आमच्याकडच्या काळ्या लोकरीची किनार द्यावी. पण खरे सांगायचे तर ती तान्ह्या बाळाच्या कातडीला टोचेल. मऊ लोकरीच्या मेरिनो मेंढीचा तंतू साधारण १७ ते २४ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा असतो आणि दख्खनी मेंढीचा ३० च्या वर जातो. जाड तंतूची टोके वाकत नाहीत, कातडीला रुततात, आणि त्यालाच आपण लोकर चावते असे म्हणतो. मेंढपाळाला तीच लोकर पावसात उपयोगी पडते, कारण पाणी तिच्यावरून निथळून जाते. बाळाला घोंगडी द्यायची असेल तर ती अंथरुणाच्या सर्वांत खाली द्यावी, तिच्यावर गोधडी, आणि गोधडीवर दुपटे.

ताईंच्या स्वेटरची लोकर कोणत्या मेंढीची हे आता कळणार नाही, पण एक साधी परीक्षा आहे. धुतलेल्या लोकरीचा पुंजका मानेपाशी, ब्लाउजच्या गळ्यात, अर्धा तास ठेवून पाहावा. मनगटापेक्षा मान खरे सांगते.

लोकर चोळून जोडण्याचे वाचून आणखी एक आठवले. आमच्याकडे जेन नावाची जाड बैठक असते. ती विणत नाहीत. लोकर पसरून, ओली करून, दाबून आणि लाटूनच तिचा पट्टा होतो. जोडात जे चार बोटांपुरते घडते तेच जेनमध्ये सबंध बैठकीभर घडते, आणि लोकरीचे कपडे गरम पाण्यात आटतात तेव्हाही तेच घडते.

मिरजेचीडॉक्टर · ११ नोव्हेंबर

मी बालरोगतज्ज्ञ आहे. ही चर्चा मी आनंदाने वाचत होते, पण पहिल्या नोंदीतला एक शब्द वाचून थांबले, म्हणून लिहिते. स्वेटर डांबरगोळ्यांमध्ये ठेवलेला होता, असे ताईंनी म्हटले आहे.

डांबरगोळ्यांमध्ये बहुधा नॅफ्थलीन असते. काही बाळांमध्ये जी-सिक्स-पीडी नावाचे विकर (एन्झाइम) जन्मतः कमी असते आणि ते घरच्यांना माहीत नसते. अशा बाळाच्या शरीरात नॅफ्थलीन गेले, मग ते कपड्यांतून श्वासावाटे असो वा कातडीतून, तर तांबड्या पेशी फुटतात, कावीळ वेगाने वाढते आणि ती मेंदूपर्यंत पोहोचण्याइतकी गंभीर होऊ शकते. डांबरगोळ्यांत ठेवलेले कपडे आणि पांघरुणे न धुता, न हवा लावता बाळाला वापरल्याने असे झाल्याचे वैद्यकात नोंदलेले आहे. तेव्हा नुसते धुऊन चालणार नाही, कारण नॅफ्थलीन पाण्यात फार थोडे विरघळते. ते हवेत उडून जाते. लडी सैल करून किमान दोन आठवडे वाऱ्याच्या जागी, सावलीत टांगा, आणि नाक लावून जराही वास येत नाही असे झाल्याशिवाय विणायला घेऊ नका. पुढेही बाळाच्या कपड्यांत डांबरगोळ्या घालू नयेत. कडुनिंबाची वाळलेली पाने आणि वेखंड पुरते, आणि वर्षातून दोनदा कपडे बाहेर काढून झटकले तर त्याहूनही बरे.

आता वापराविषयी. पहिल्या वर्षात बाळ झोपलेले असताना त्याच्याजवळ सुटे पांघरूण, उशी किंवा मऊ खेळणी ठेवू नयेत आणि त्याला पाठीवर झोपवावे, असा अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सचा सल्ला आहे. पांघरूण तोंडावर आले तर तान्हे बाळ ते बाजूला सारू शकत नाही. याचा अर्थ ब्लँकेट विणू नये असा मुळीच नाही. बाळ मांडीवर असताना, लसीकरणाला नेताना, आणि पुढे ते जागे असताना पालथे घालायला खाली अंथरण्यासाठी ते फार उपयोगी पडते, फक्त जवळ मोठे माणूस हवे. एक वर्षानंतर तेच पांघरूण होते.

शेवटची विनंती विणीविषयी आहे. जाळीची वीण घेऊ नका. बाळाचे बोट जाळीत अडकते, आणि आतल्या बाजूला सुटा राहिलेला धागा पायाच्या बोटाभोवती आवळला तर रक्तपुरवठा थांबतो. रडणाऱ्या बाळाचे मोजे काढले की असे निळे पडलेले बोट मी पाहिलेले आहे. गोंडे आणि मणीही लावू नका.

यवतेश्वरपायथा · ११ नोव्हेंबर

डॉक्टरताई, आपले उपकार कोणत्या शब्दांत मानावे हे मला कळत नाही. आमच्या घरी प्रत्येक ट्रंकेत डांबरगोळ्या आहेत. लेकीच्या लहानपणीची झबलीसुद्धा मी त्यातच ठेवली होती आणि तीच बाळाला घालणार होते. आजच सगळे बाहेर काढले. लडी गच्चीवरच्या पत्र्याखाली टांगल्या आहेत.

सुलटउलट · २४ नोव्हेंबर

वास गेल्यावर विणीला सुरुवात करा. डॉक्टरांनी जाळी नको म्हटले आहे, तेव्हा दोन्ही बाजूंनी सुलट विणा. ही वीण जाड, भरीव आणि दोन्हीकडून सारखी दिसते, कडा वळत नाहीत, आणि पंचवीस वर्षांनी सुया धरणाऱ्या हातालाही ती लगेच बसते.

तुमच्याजवळ लोकर मोजकीच आहे आणि तीच पुन्हा मिळणार नाही, म्हणून सरळ पट्टी न विणता कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत विणा असे मी सुचवेन. तीन टाके घालायचे. प्रत्येक सुईच्या, म्हणजे ओळीच्या, पहिल्याच टाक्यात आधी पुढून आणि मग मागून सुलट विणून एक टाका वाढवायचा आणि बाकीचे सुलट विणायचे. काही जण दोरा सुईवरून घेऊन टाका वाढवतात, पण त्याने कडेला छिद्रांची रांग पडते. आपल्याला ती नको. या विणीत दोन सुयांची उंची एका टाक्याच्या रुंदीएवढी भरते, त्यामुळे त्रिकोणाचा कोपरा आपोआप काटकोनाचा येतो. अर्धे झाले की प्रत्येक सुईच्या सुरुवातीला दोन टाके एकत्र सुलट विणून टाके कमी करत जायचे.

अर्धे कधी झाले हे इंचपट्टीने ठरवू नका, काट्याने ठरवा. तुमची ३७५ ग्रॅम लोकर आहे. पुढे कधी दुरुस्ती लागेल म्हणून ४० ग्रॅम बाजूला ठेवा. उरलेल्या ३३५ पैकी १६५ ग्रॅम संपली की वाढवणे थांबवा आणि कमी करायला लागा. लोकर शेवटच्या कोपऱ्याला कधीच कमी पडणार नाही. दहा सेंटीमीटरमध्ये वीस टाके बसले तर साधारण ७५ सेंटीमीटरचा चौकोन होईल आणि मधल्या सर्वांत लांब ओळीत दोनशे दहाच्या आसपास टाके असतील. तेवढे टाके साध्या सुयांवर मावत नाहीत, घसरतात, आणि सगळा भार मनगटांवर येतो. ८० सेंटीमीटरची गोल सुई घ्या; तिच्यावर गोल विणायचे नाही, फक्त टाके सांभाळायला ती वापरायची.

यवतेश्वरपायथा · ४ डिसेंबर

माझी एक चूक झाली आणि त्यात आठ दिवस गेले.

आईच्या सुया ८ नंबरच्या होत्या, आणि त्यांच्यावर नमुन्याचा तुकडा विणला तेव्हा दहा सेंटीमीटरमध्ये बरोबर वीस टाके आले. म्हणून मी ऑनलाइन ८ नंबरचीच गोल सुई मागवली आणि पुन्हा नमुना न विणता कामाला लागले. तीस सेंटीमीटरचा त्रिकोण झाला तेव्हा तो मला सैल वाटू लागला. उजेडासमोर धरला तर टाक्यांमधून खिडकीचे गज दिसत होते, आणि माझी करंगळी सहज आत जात होती. डॉक्टरताईंचे बोटाविषयीचे वाक्य आठवले.

सुईचे पाकीट नीट पाहिले तेव्हा उलगडा झाला. आपल्याकडच्या सुयांचे नंबर जुन्या ब्रिटिश पद्धतीचे आहेत. त्यात ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, आणि नंबर वाढेल तशी सुई बारीक होते. मी घेतलेल्या सुईवर अमेरिकन नंबर होता. त्या पद्धतीत नंबर वाढेल तशी सुई जाड होते, आणि ८ नंबर म्हणजे ५ मिलिमीटर. आता ४ मिलिमीटरची गोल सुई आणली आहे आणि तो त्रिकोण उसवून पुन्हा तीन टाक्यांपासून सुरुवात केली आहे. कुणाला सुई घ्यायची असेल त्यांनी नंबर न पाहता मिलिमीटरच पाहावेत.

हळदपेठ · ६ डिसेंबर

ताई, मी सांगलीचीच, आणि माझा अनुभव धुण्याविषयीचा आहे. नातवासाठी मी चार महिने खपून पांढऱ्या लोकरीचे ब्लँकेट विणले आणि ते नुसतेच हातात दिले. सुनेने ते बाळाच्या बाकी कपड्यांबरोबर मशिनमध्ये, साठ अंशांवर, धुतले. जंतू मरावेत हा तिचा हेतू, त्यात तिचे काय चुकले? ब्लँकेट आटून पाटावर अंथरण्याएवढे झाले आणि पुठ्ठ्यासारखे कडक झाले. तिला फार वाईट वाटले, आणि ती समोर असताना मला रडताही आले नाही. सांगायला हवे होते ते मी सांगितले नव्हते. म्हणून ब्लँकेटबरोबर एक चिठ्ठी द्या, आणि तिच्यात थंड पाणी, रिठा, पिळायचे नाही, सपाट वाळवायचे, एवढे ठळक लिहा.

दुसरे म्हणजे मागे अस्तर लावा. त्याने लोकर अंगाला थेट लागत नाही आणि आतले धागे झाकले जातात. त्यासाठी जुनी सुती साडी घ्या, वारंवार धुऊन मऊ झालेली. ती एकदा गरम पाण्यातून काढा, म्हणजे तिला जेवढे आटायचे आहे तेवढे आधीच आटेल. ब्लँकेटही आधी भिजवून, सपाट पसरून, मापात वाळवून घ्या आणि मगच अस्तर बेता. शिवताना कडेने धावदोरा सैल घाला, कारण वीण ताणली जाते आणि साडी ताणली जात नाही. मधेही वीत-वीत अंतरावर एकेक टाका घालून सुती दोऱ्याची पक्की गाठ मारा, नाहीतर अस्तर पोटात फुगते. दोऱ्याची टोके आत, दोन थरांच्या मध्ये सोडा.

माझ्याकडे सांगलीचा उन्हाळा आहे, तोही लक्षात घ्या. लेक इकडे परत येईल तेव्हा चैत्र असेल आणि लोकरीचे काहीही बाळाच्या अंगावर घालवणार नाही. ते पावसाळ्यापर्यंत ठेवावेच लागेल, तेव्हा ठेवण्याची पद्धतही चिठ्ठीतच लिहा.

यवतेश्वरपायथा · २० मार्च

उशिरा लिहिते आहे, त्याबद्दल सर्वांनी क्षमा करावी. जानेवारीत आम्हाला नात झाली. ब्लँकेट बारशाच्या आदल्या रात्री पुरे झाले.

आईची ती निळसर लोकर मी शेवटासाठी राखून ठेवली होती. टाके कमी होत होत कोपरा निमुळता होत गेला तेव्हा ती लावली, त्यामुळे चारपैकी एक कोपरा नीट पाहिले तर वेगळा दिसतो. वडिलांच्या बहिणीने, माझ्या आत्याने, तो लगेच ओळखला. ती म्हणाली, वहिनीने ही लोकर माझ्याकडूनच नेली होती, माझ्या मफलरमधून उरलेली. म्हणजे दुकानात लॉट मिळाला नाही हा माझा तर्क चुकीचा होता.

मानेवर लोकर टोचली नाही, तरीही अस्तर लावले. आईची एक मळखाऊ रंगाची सुती नऊवारी होती. तिच्या पदराजवळचा भाग विरला होता, म्हणून मधला भाग घेतला. ब्लँकेटची लोकर ३३४ ग्रॅम लागली आणि ४१ ग्रॅमचा गुंडा शिल्लक आहे. अस्तरासह ब्लँकेट ७६ सेंटीमीटरचे चौकोनी झाले. डॉक्टरताईंनी सांगितल्याप्रमाणे ते नातीच्या झोपण्याच्या जागी ठेवत नाही. सकाळी गच्चीवर उन्हात बसताना माझ्या मांडीवर ते असते आणि त्यावर ती असते.

लेक येत्या रविवारी सांगलीला जाईल. काल तिने चिठ्ठी समोर ठेवून ब्लँकेट स्वतः रिठ्यात धुतले, टॉवेलमध्ये दाबले आणि खाटेवर पसरले. संध्याकाळी वाळल्यावर तिने टेप लावून पाहिली. एका बाजूला ७६ भरले, दुसऱ्या बाजूला साडेपंच्याहत्तर.